सर्वेची सीएसव्ही टाकली आणि जमीनच गायब झाली? रेव्हिट उघडायच्या आधी फाईल वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्वेयरने ६४० पॉइंटची सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे असलेली साधी टेक्स्ट) फाईल दिलीये, त्यात पाच कॉलम आहेत, पॉइंट नंबर, नॉर्थिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), लेव्हल म्हणजे उंची, आणि शेवटी कोड. ती रेव्हिट या बिल्डिंग मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून टोपो म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग करायला गेलं की कधी पॉइंट फार लांब असल्याची तक्रार येते, कधी काहीच दिसत नाही, आणि एकदा कशीबशी जमीन आली तर उतार भलत्याच बाजूला. शेवटी विचारलंय की दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का.

घेऊ नका. हीच फाईल अशीच्या अशी आर्किकॅडसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलीत तरी असाच कुठलातरी घोळ होणार, कारण गडबड फाईलमध्ये आहे. खरं सांगायचं तर टेरेन बनवण्यातलं बरंचसं काम रेव्हिट उघडायच्या आधीच होतं, नोटपॅड आणि एक्सेलमध्ये, आणि लोक नेमकं तेच टाळतात कारण ते कंटाळवाणं आहे.

आधी एकच ओळ नीट बघू. समजा तुमच्या फाईलची पहिली ओळ अशी आहे: १०१, १२०४३१८.४२०, ६१२९६२.११५, ८४.३४०, जीएल (म्हणजे ग्राउंड लेव्हल). रेव्हिट काय करतं, ओळीतले पहिले तीन आकडे उचलतं आणि त्यांना एक्स, वाय, झेड समजतं, पुढचं सगळं सोडून देतं. म्हणजे तुमच्या बाबतीत एक्स झाला १०१, जो नुसता पॉइंटचा नंबर आहे, वाय झाला बारा लाखांच्या घरातला नॉर्थिंग, आणि झेड म्हणजे उंची झाली सहा लाख बारा हजार मीटर. तुमची जमीन ६१२ किलोमीटर वर आभाळात गेलीये, ती स्क्रीनवर कशी दिसणार!

म्हणून पॉइंट नंबरचा कॉलम उडवायचा. इथे दुसरा सापळा आहे आणि माझ्या मते तो जास्त वाईट, कारण तो गुपचूप चालतो. नंबर उडवल्यावर उरतं नॉर्थिंग, ईस्टिंग, लेव्हल. पण नॉर्थिंग हा वाय असतो आणि ईस्टिंग हा एक्स. हे दोन कॉलम अदलाबदल न करता फाईल टाकली तर कुठलीही एरर येत नाही, छान जमीन तयार होते, फक्त ती ४५ अंशाच्या रेषेत आरशात बघितल्यासारखी उलटी असते, उत्तरेचं पूर्वेला आणि पूर्वेचं उत्तरेला. तुमचा उलटा उतार तो हाच असणार. मी स्वतः यात फसलोय. प्लॉट जवळजवळ चौकोनी होता त्यामुळे बाहेरून बघून कुणालाच शंका आली नाही, तीन आठवडे आम्ही त्या जमिनीवर काम केलं, पावसाच्या पाण्याची लाईन पूर्वेच्या कडेने नेली, आणि साईटवरचा फोटो आला तेव्हा कळलं की उतार उत्तरेला आहे. चूक माझीच, मी कॉलमची हेडिंग वाचलीच नव्हती. तेव्हापासून बाकी काही करो न करो, हे आधी बघतो.

फाईल नेहमी आधी नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. एक्सेल हुशारी करतं, आकडे आपल्या मनाने गोल करून दाखवतं, आणि सेव्ह केलं की दिसतं तेवढंच सीएसव्हीत उतरतं, म्हणजे तीन दशांशाचे दोन किंवा शून्य होऊन बसतात. नोटपॅडमध्ये चार गोष्टी लगेच दिसतात. वर हेडिंगची ओळ आहे का, असेल तर ती काढा. आकड्यांमध्ये हजाराचे स्वल्पविराम आहेत का, १,२०४,३१८.४२० असं लिहिलं असेल तर एका आकड्याचे तीन कॉलम होतात आणि सगळंच कोसळतं. लेव्हलची जागा कुठे रिकामी आहे का, कारण सर्वेयरचा प्रिझम (मोजणीचा आरसा) झाडाआड गेला की कधी कधी लेव्हल शून्य नाहीतर रिकामीच येते, आणि ८४ मीटरच्या जमिनीत मधेच शून्य आलं की तिथे ८४ मीटर खोल विहीर तयार होते. ती थ्रीडीत चटकन दिसते पण लेव्हल ८४ च्या ऐवजी ४८ टाईप झाली असेल किंवा एखादा पॉइंट झाडाच्या शेंड्याचा असेल तर मोठ्या साईटवर ते पटकन लक्षात येत नाही. चौथं म्हणजे कोड. तो शेवटचा कॉलम रेव्हिटला नको असला तरी तुम्हाला हवाय, तो फेकून देऊ नका, मूळ फाईलची कॉपी ठेवा. त्यात लिहिलेलं असतं की हा पॉइंट जमिनीचा आहे, की भिंतीच्या माथ्याचा, की मॅनहोलच्या झाकणाचा, की विजेच्या खांबाचा. जमिनीत फक्त जमिनीचेच पॉइंट जायला हवेत. कंपाउंड वॉलच्या माथ्याच्या लेव्हल जमिनीत गेल्या की प्लॉटभोवती किल्ल्याची तटबंदी उभी राहते, हे मी निदान पाच-सहा मॉडेलमध्ये बघितलंय.

आता लांबपणाचं. रेव्हिटला आपल्या अंतर्गत ओरिजिनपासून (मॉडेलच्या मूळ शून्य बिंदूपासून) साधारण १० मैल म्हणजे १६ किलोमीटरच्या पलीकडची भूमिती आवडत नाही, आणि तुमचा नॉर्थिंग तर १२०४ किलोमीटर आहे. यामागचं कारण समजलं की नियम पाठ करावा लागत नाही. बरेच ग्राफिक्स ३२ बिटच्या आकड्यांवर चालतात, आणि अशा आकड्यात साधारण सातच अंक खात्रीने मावतात. साडेदहा लाख ते एकवीस लाखांच्या दरम्यानचा आकडा घेतला तर लगतच्या दोन किमतींमधलं अंतर ०.१२५ मीटर येतं. म्हणजे बारा लाखांच्या जागी बसलेली भिंत दाखवताना साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनीच तिची जागा ठरू शकते, मधलं काही शक्यच नाही. रेषा थरथरतात, हॅच (भरलेल्या रेघा) फाटतं, स्नॅप (कर्सरचं नेमक्या बिंदूला चिकटणं) हुकतो ते यामुळे.

उपाय सोपा आहे, मोठा आकडा वजा करा. पण तो गोल असू द्या आणि लिहून ठेवा. तुमच्या फाईलसाठी मी ईस्टिंगमधून ६१२९०० आणि नॉर्थिंगमधून १२०४३०० वजा करेन. मग पॉइंट १०१ चा एक्स होतो ६२.११५ आणि वाय होतो १८.४२०, माणसाच्या आवाक्यातले आकडे. लेव्हलचं काय करायचं यावर मतं वेगवेगळी आहेत. माझी पद्धत अशी की तळमजल्याची फिनिश्ड (तयार फरशीची) लेव्हल समजा ८५.००० ठरली असेल तर झेडमधून ८५ वजा करतो, म्हणजे १०१ ची उंची होते उणे ०.६६०, आणि बिल्डिंगचा शून्य लेव्हल शून्यावरच राहतो. काही जण झेडला हात लावत नाहीत आणि सगळे लेव्हल ८५ वर उचलतात, तेही चालतं, फक्त ऑफिसमधल्या सगळ्यांनी एकच काहीतरी करा. एकाने असं दुसऱ्याने तसं केलं की लिंक केलेलं स्ट्रक्चरचं मॉडेल ८५ मीटर खाली सापडतं.

ही नवी फाईल कोऱ्या रेव्हिट प्रोजेक्टमध्ये टाकायची, ज्यात सर्वे पॉइंट (सर्वेच्या आकड्यांचा संदर्भबिंदू) आणि प्रोजेक्ट बेस पॉइंट (बिल्डिंगचा संदर्भबिंदू) अजून कुणी हलवलेले नाहीत. २०२३ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये मासिंग अँड साईट टॅबवर टोपोसरफेस, मग क्रिएट फ्रॉम इम्पोर्ट, मग स्पेसिफाय पॉइंट्स फाईल. २०२४ पासून त्याच्या जागी टोपोसॉलिड आलं, त्यात क्रिएट फ्रॉम सीएसव्ही आहे. युनिट विचारतं तिथे घाईत ओके दाबू नका. मीटरच्या फाईलला मिलिमीटर दिलं तर हजारपट छोटी जमीन येते, चौकटीत एक ठिपका, आणि लोक परत म्हणतात काहीच आलं नाही.

६४० पॉइंट एकदम टाकायच्या आधी मी तीनच पॉइंटची फाईल करून टाकून बघतो, प्लॉटचे तीन कोपरे, म्हणजे उलटं, लांब, छोटं यातलं काय होतंय ते एका मिनिटात कळतं. मग पूर्ण फाईल.

जमीन आली की मॅनेज टॅबवरून कोऑर्डिनेट्स, स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स ॲट पॉइंट घ्या, जिथे तुमचा शून्य-शून्य आहे तिथे आधी दोन रेषांची फुली मारून ठेवा, तीवर क्लिक करून नॉर्थिंग १२०४३००, ईस्टिंग ६१२९००, उंची ८५ भरा, कोन शून्य. आता वजा केलेलं सगळं रेव्हिटने मनात परत मिळवलंय, भूमिती मात्र जवळच राहिलीये. खात्री करायची तर स्पॉट एलिव्हेशनच्या (उंची दाखवणाऱ्या खुणेच्या) टाईपमध्ये एलिव्हेशन ओरिजिन सर्वे पॉइंट करा, स्पॉट कोऑर्डिनेटलाही तसंच, आणि १०१ वर टेकवा. १२०४३१८.४२०, ६१२९६२.११५, ८४.३४० हेच आकडे दिसायला हवेत, जवळपासचे नाही, हेच. असे तीन पॉइंट लांबलांबच्या कोपऱ्यातले तपासले की तुमची बसवणी बरोबर. बिल्डिंग तिरकी असेल तर जमीन फिरवायची नाही कधीच, प्रोजेक्ट नॉर्थ (ड्रॉइंगपुरती मानलेली उत्तर) फिरवा.

सर्वेयरला फोन करून दोन प्रश्न मात्र विचाराच. पहिला, लेव्हल कशापासून आहेत? जीपीएस मुळात उंची मोजतो ती लंबगोल गणिती पृष्ठभागापासून, आणि आपण समुद्रसपाटीपासूनची म्हणतो ती जिऑइडपासून (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या काल्पनिक पृष्ठभागापासून), या दोन्हीतला फरक जगात ठिकाणानुसार उणे शंभराच्या थोडं पलीकडून ते अधिक ८५ मीटरच्या आसपास जातो. ड्रोनची फाईल आणि टोटल स्टेशनची (जमिनीवरून मोजणाऱ्या यंत्राची) फाईल एकत्र करताना अख्खी जमीन साठ-सत्तर मीटर खालीवर दिसली तर समजा हेच झालंय. दुसरा, अंतरं ग्रिडवरची (नकाशाच्या सपाट चौकटीतली) आहेत की जमिनीवरची? यूटीएम या नकाशाच्या पद्धतीत मध्य रेखांशावर ०.९९९६ चा गुणक असतो, म्हणजे तिथे १०० मीटरला ४ सेंटिमीटर आणि किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. एका बंगल्याला काही फरक पडत नाही, पण ८०० मीटर लांब शेड असेल आणि ग्रिडच्या आकड्यांवर कॉलम सेंटर काढलेत तर पडतो. फुटातली फाईल असेल तर अजून एक गंमत, अमेरिकन सर्वे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यात दहा लाखाला दोनचा फरक आहे, वीस लाख फुटांच्या कोऑर्डिनेटला तो चार फूट होतो. २०२२ संपताना सर्वे फूट अधिकृतपणे निवृत्त केलाय, जुन्या फाईली मात्र निवृत्त होत नाहीत.

इथपर्यंत जमीन जागेवर आली. ती बरोबर आहे का हा वेगळाच विषय, आणि मला खरं तर यावरच बोलायचं होतं.

पॉइंटपासून सरफेस बनतो तो त्रिकोणांनी. सॉफ्टवेअर साधारणपणे डेलॉने पद्धत वापरतं, बोरिस डेलॉने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्ये मांडलेली, की कुठल्याही त्रिकोणाच्या तीन टोकांतून जाणाऱ्या वर्तुळात चौथा पॉइंट येता कामा नये. त्यामुळे त्रिकोण शक्यतो गुबगुबीत होतात, फार निमुळते होत नाहीत. छानच आहे, पण ही पद्धत फक्त एक्स आणि वाय बघते, उंचीकडे ढुंकूनही बघत नाही. आता कागदावर दहा मीटरचा चौकोन काढा, चार कोपऱ्यांना ओळीने ८४, ८५, ८४, ८५ लेव्हल द्या. कर्ण दोन आहेत. ८४ ला ८४ जोडला तर मधोमध ८४.० ची घळ तयार होते, पाणी त्यातून वाहील. ८५ ला ८५ जोडला तर मधोमध ८५.० चा उंचवटा होतो, पाणी दोन्ही बाजूंना पळेल. पॉइंट तेच, लेव्हल त्याच, मधे एक मीटरचा फरक आणि नकाशात उतार उलटा. यातलं खरं कुठलं हे सॉफ्टवेअरला कसं कळणार, ते साईटवर गेलेलंच नाही. सर्वेयरला कळतं, कारण तो त्या घळीत उभा होता.

म्हणून ब्रेकलाईन लागते, म्हणजे जमीन जिथे मोडते ती रेष: ओढ्याचा तळ, बांधाचा माथा, रस्त्याची कड, रिटेनिंग वॉल. सिव्हिल थ्रीडी या रस्ते-जमिनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकलाईन सरळ देता येते आणि त्रिकोणाची बाजू तिला ओलांडत नाही. रेव्हिटच्या जुन्या टोपोसरफेसमध्ये अशी सोयच नाही, त्याला फक्त पॉइंट समजतात. मग पॉइंटच एवढे जवळ टाकायचे की त्रिकोणाला दुसरीकडे जायला जागा उरू नये. समजा १२ मीटर लांब भिंत आहे, माथा एका टोकाला ८६.४० आणि दुसऱ्याला ८६.१०, आणि सर्वेयरने माथ्यावर तीन पॉइंट दिलेत, पायथ्याला चार, तेही एकमेकांसमोर नाहीत. असंच टाकलं तर भिंतीच्या जागी करवतीचे दाते दिसतील. मी काय करतो, एक्सेलमध्ये दर मीटरला एक पॉइंट तयार करतो, माथ्यावर दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतरत ८६.४००, ८६.३७५, ८६.३५० असे तेरा, आणि पायथ्यालाही बरोबर त्यांच्याच समोर तेरा. पायथ्याची ओळ दोन-तीन सेंटिमीटर बाहेर सरकवायची, कारण एकाच एक्स-वायवर दोन उंच्या चालत नाहीत, उभी कड या प्रकारात बनतच नाही. भिंत सरळ आणि लांब असेल तर याहून सोपं म्हणजे स्प्लिट सरफेस करून वरची आणि खालची जमीन दोन वेगळ्या ठेवणं, मधे भिंत खरी मॉडेल करायची. मला हेच जास्त आवडतं, नंतर कुणी भिंत हलवली तर सव्वीस पॉइंट शोधत बसावं लागत नाही.

कडेची पण एक भानगड आहे. त्रिकोण बाहेरच्या सगळ्या पॉइंटना कवेत घेतात, त्यामुळे प्लॉट एल आकाराचा असला तरी जमीन आतला कोपरा भरून टाकते, तिथे लांबलचक निमुळते त्रिकोण दिसतात आणि तिथे कुणी मोजलेलंच नाही. टोपोसॉलिडमध्ये बाउंड्री एडिट करून तो भाग कापा, जुन्यात स्प्लिट करून डिलीट करा. तसं न करता भरावाचं प्रमाण काढलं तर न मोजलेल्या जमिनीचं बिल होईल.

पॉइंट फाईल नसून फक्त कॉन्टूरचं (समान उंचीच्या रेषांचं) डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅडचं ड्रॉइंग असेल तर आधी एक कॉन्टूर सिलेक्ट करून तिचं एलिव्हेशन बघा. निम्म्या वेळा सगळ्या शून्यावर असतात आणि उंची फक्त बाजूच्या टेक्स्टमध्ये असते. स्पॉट लेव्हलचं टेक्स्ट असेल तर ऑटोकॅडच्या डेटा एक्स्ट्रॅक्शनने टेक्स्टचा आकडा आणि त्याची जागा सीएसव्हीत काढता येते, भारी वाटतं, पण ती जागा टेक्स्टची असते, शेजारच्या ठिपक्याची नाही, आकडा सगळीकडे दीड मीटर उजवीकडे लिहिला असेल तर अख्खी जमीन दीड मीटर सरकते. आणि नुसत्या कॉन्टूरवरून केलेल्या जमिनीत टेकडीचा माथा नेहमी सपाट येतो, कारण शेवटच्या कॉन्टूरवरचे तीन पॉइंट आपापसातच त्रिकोण करतात. माथ्याला एखादी खरी लेव्हल मागून घ्या.

ड्रोनवाल्यांनी वीस लाख पॉइंट दिले तर मात्र रेव्हिटमध्ये टाकून मग सिम्प्लिफाय करू असं म्हणू नका, मशीन आधीच झोपेल. क्लाउडकम्पेअर हे अशा पॉइंटसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आधी झाडं-गाड्या काढा, मग अर्धा किंवा एक मीटर अंतराने सबसॅम्पल करा, म्हणजे पॉइंट विरळ करा. सपाट मैदानाला दर दहा सेंटिमीटरला पॉइंट ठेवून काय मिळणार? वाचवलेले पॉइंट बांधाच्या कडेला खर्च करा.

तपासायला मला एकच गोष्ट पुरते. कॉन्टूर अर्ध्या मीटरच्या अंतराने चालू करायच्या, टोपोसरफेस असेल तर साईट सेटिंग्जमध्ये, टोपोसॉलिड असेल तर त्याच्या टाईपमध्ये, आणि प्लॅन सर्वेयरच्या पीडीएफशेजारी ठेवायचा. मधेच नेमबाजीच्या चक्रासारखी गोल गोल वर्तुळं दिसली तर तिथे एक पॉइंट चुकीचा आहे. ओढ्याच्या बाजूने मण्यांच्या माळेसारखी छोटी छोटी तळी दिसली तर तिथे ब्रेकलाईन हुकलीये, त्रिकोण ओढा ओलांडून जातायत. आणि कॉन्टूर कुठे पट्टीने आखल्यासारख्या दोरीसरळ गेल्या तर तिथे डेटाच नाही, सॉफ्टवेअरने एका लांब त्रिकोणाने पडदा टाकलाय.

महिनाभराने सर्वेयर सुधारित फाईल पाठवेलच, पाठवतातच. तेव्हा तीच ६१२९००, १२०४३०० आणि ८५ वजा करायची, नवे गोल आकडे शोधायचे नाहीत, म्हणून मी हे तीन आकडे त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये आणि मॉडेलच्या पहिल्या व्ह्यूवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो. फक्त तेव्हा कोऑर्डिनेट्स आधीच दिलेले असतात, त्यामुळे नवी जमीन परत कोऱ्या फाईलमध्ये बनवून बघा, जुनीच्या शेजारी कॉन्टूर लावून बघा, आणि मगच जुनी काढा.